सोवनीकाकांची स्थळपाहणी

खडकवासल्याच्या धरणात मगर निघाल्याचा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा आम्ही बिबवेवाडीतल्या सुज्ञ नागरिकांनी जे करायला हवं तेच केलं. कुणी 'बापरे' लिहिलं, कुणी डोळे विस्फारलेला पिवळा चेहरा टाकला, कुणी 'प्रशासन झोपलंय का' असं त्या मगरीच्या वतीने विचारलं, आणि आमच्या ह्यांनी तो मेसेज ताबडतोब दुसऱ्या पाच-सहा ग्रुपांवर ढकलला. पहिल्या मजल्यावरचे सोवनीकाका तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली भरली, टोपी घातली आणि बस पकडून ते खडकवासल्याला गेले.

दुपारी त्यांचा फोटो आला. निम्म्या फोटोत धरणाचं पाणी आणि उरलेल्या निम्म्यात काकांचा अंगठा. खाली मजकूर होता : 'स्थळपाहणी. विषय : मगर. प्रत्यक्ष जाऊन पाहिले. मगर नाही. मगर बघायला आलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी दोघांना हा मेसेज आपल्याच सोसायटीतून आला होता. कणीस कोवळे मिळाले.'

माधव सोवनी हे असे आहेत. आजच्या काळात बातमी खरी की खोटी हे बघायला लोक फोनमध्येच आणखी खोल शिरतात. काका चपला घालतात.

ह्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका एका बँकेत शेतीकर्जाच्या पाहणीवर होते. कर्ज काढून घेतलेली वस्तू खरंच घेतली आहे का, हे गावोगाव जाऊन बघायचं काम. जन्म त्यात गेला. ते सांगतात, एका गावात चार शेतकऱ्यांनी चार बैलजोड्या दाखवल्या, आणि चौथ्या गोठ्यात पोचल्यावर काकांच्या लक्षात आलं की डावीकडचा बैल आपल्याकडे ओळखीच्या नजरेने बघतोय. गावकरी मागच्या आळीने तीच जोडी पुढच्या गोठ्यात नेऊन बांधत होते आणि काकांना मात्र प्रत्येक घरी चहाला बसवून ठेवत होते. "कागदावर बैल शिवार नांगरतोय," काका म्हणतात, "आणि गोठ्यात जाऊन बघावं तर नुसती दावण." तेव्हापासून ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो : "बैल बघितलात का?"

नवीन माणूस ह्या प्रश्नाने गोंधळतो. आमच्याकडे भाड्याने राहायला आलेल्या एका मुलीने लिफ्टमध्ये काकांना सांगितलं, की उद्या पाणी येणार नाहीये. काका म्हणाले, "बैल बघितलात का?" ती बिचारी आठवडाभर जिन्याने ये-जा करत होती.

आमच्या घरात ह्याच्या अगदी उलट प्रकार आहे. आमचे हे, म्हणजे श्रीकांत, सकाळी दात घासायच्या आधी जगाचं कल्याण उरकून टाकतात. कढीपत्त्याने मधुमेह जातो, उपग्रहातून शनिवारवाड्यावर निळा प्रकाश दिसतो, अमुक नंबरचा फोन उचलला की मोबाइल पेटतो, सगळं इकडून येतं आणि तिकडे जातं. "अहो, निदान वाचून तरी पाठवत जा," असं मी म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं असतं : "आलं म्हणून पाठवलं." जसं काही हे पोस्टमन आहेत आणि दुसऱ्यांची पत्रं अडवून ठेवणं म्हणजे गुन्हा.

ह्यांच्या ह्या समाजकार्यामुळे काकांचे पाय झिजतात. लोणी काळभोरला एका शेतकऱ्याच्या विहिरीला गरम पाणी लागलंय आणि त्याने गुडघेदुखी जाते, असा मेसेज ह्यांनीच टाकला होता. माझ्या सासूबाई कॅन धुवून तयार. म्हटलं, थांबा, काकांना जाऊन येऊ दे. काका गेले. शेतकरी भला माणूस, त्याने त्यांना थेट पाइपापाशी नेलं आणि म्हणाला, "काका, पाइप दिवसभर उन्हात पडल्याला हाय. पाणी गरमच येनार की. सकाळच्याला या, गार देतो." काका येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले, त्यातली एक आमच्या दारात ठेवली. सासूबाईंनी मेथी निवडली आणि आठवडाभर काकांशी अबोला धरला. आशेवर पाणी ओतणारा माणूस कुणाला आवडतो?

ग्रुपवरही ते फारसे लाडके नाहीत. गरमागरम बातमी येते, लोकांना जरा कुठे रंग चढतो, आणि हे संध्याकाळी अंगठ्यासकट फोटो टाकून सगळ्यावर पडदा पाडतात. आमचा सेक्रेटरी केदार आयटीतला आहे, मनाने चांगला, पण त्याला कशासाठीही खुर्चीतून उठायला लागलं की तो आपला पराभव समजतो. तो एकदा म्हणाला, "काका, चिल. आता एआयला विचारलं की सेकंदात कळतं फेक आहे का." काका म्हणाले, "त्याने बैल बघितलाय का?" केदारने मान डोलावली आणि तो लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघून गेला.

एक पाहणी मात्र मला विसरता येत नाही. 'हा मुलगा हरवला आहे' म्हणून एका शाळकरी पोराचा फोटो आला होता. पत्ता आमच्याच बिबवेवाडीतला, दोन गल्ल्या सोडून. सगळ्यांनी हात जोडले, रडके चेहरे टाकले, पुढे पाठवलं. काका त्या पत्त्यावर गेले. दार उघडलं ते मिसरूड फुटलेल्या एका दांडग्या मुलाने. फोटोकडे बघून तो म्हणाला, "मीच आहे तो. सापडलोय. तेव्हा सहावीत होतो, आता इंजिनिअरिंगला आहे." मेसेज इतकी वर्षं तसाच फिरत होता. पोरगा वैतागलेला होता, पण आतून त्याची आई आली. तिने काकांना बसवलं, पोहे केले. एवढ्या वर्षांत फोन खूप आले, ती म्हणाली, पण उठून बघायला आलेले तुम्ही पहिलेच. आणि मग बाई रडायलाच लागली. काकांनी ही गोष्ट मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितली आणि शेवटी म्हणाले, "पोह्यांत शेंगदाणे जरा जास्त होते."

काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगी मेलबर्नला आहे, रोज न चुकता व्हिडिओ कॉल करते. "रोज बघते मला," काका म्हणतात, "पण छातीपासून वर. खाली पायजमा उसवलाय की फाटलाय, तिला काय दिसणार?" म्हणून कॉलच्या वेळी ते फक्त सदरा इस्त्रीचा घालतात.

तर ह्या माणसाने, ज्याने आजवर ग्रुपवर स्थळपाहणीखेरीज एक अक्षर लिहिलं नव्हतं, परवाच्या रविवारच्या आधी एक मेसेज टाकला. 'येत्या रविवारी माझी पंच्याहत्तरी. सकाळी नऊपासून घरी आहे. सर्वांनी यावे.' बस, एवढाच. खाली अंगठे आले, भराभर. मग कुणीतरी टँकरचा विषय काढला आणि काकांचा मेसेज त्या पाण्यात वाहून गेला.

दुसऱ्या दिवशी ते मला खाली पार्किंगमध्ये भेटले. हातात रव्याची पिशवी. काजू कुठले घ्यावेत, शिऱ्यात केळं घालतात ते आधी की नंतर, असं बरंच काही विचारलं. मग हळूच मुद्द्यावर आले.

"मंजिरीताई, अंगठे बरेच आलेत. अंगठा म्हणजे येणार, की नुसतं वाचलं?"

मी म्हटलं, "काका, अंगठ्याचं काही खरं नसतं हो."

"आमच्या बँकेत अंगठा दिला की माणूस बांधला जायचा," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "खुर्च्या कमी पडतील म्हणून विचारलं."

आमच्याकडच्या खुर्च्या देते म्हटलं, मी स्वतः तर नक्की येते म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण मला दिसत होतं की एका माणसाने त्यांचं भागणार नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात गेलेला माणूस, आपल्या दारात कुणी येतं का, हे त्याला एकदा बघायचं होतं. लहान पोराच्या तोंडावर असतं ना, तसं सगळं तोंडावर लिहिलेलं होतं.

रविवार उजाडला. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आमचे हे पलंगावर बसलेले, तोंडात ब्रश तसाच, हातात फोन, आणि चेहरा उतरलेला. म्हणाले, "सोवनीकाका गेले."

फोन पुढे केला ह्यांनी. ग्रुपवर काकांचा फोटो, काळा-पांढरा. फोटोला झेंडूचा जाडजूड हार. बाजूला तेवणारी समई. वर वळणदार अक्षरांत 'आमचे आदरणीय श्री. माधव सोवनी'. आणि त्याच्या खाली पहिली ॐ शांती आमच्याच घरातून गेलेली होती. त्यानंतर रीघ. भावपूर्ण श्रद्धांजली, विनम्र अभिवादन, ईश्वर मृतात्म्यास. बी विंगमधल्या एकांनी लिहिलं होतं, 'कालच जिन्यात भेटले, नेहमीसारखे हसतमुख.' अहो, काका हसतमुख! शेजारच्या एका बाईंना पहाटे अँब्युलन्सचा आवाज आलेला आठवला. होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांनी 'झोपेतच, भाग्यवान माणूस' असं निदान केलं. कुणीतरी यंत्राकडून चांगला तीन परिच्छेदांचा शोकलेख लिहून घेतला, त्यात काकांनी म्हणे अनेकांच्या आयुष्यात प्रकाश पेरला होता. शोकसभा गच्चीवर घ्यायची की पार्किंगमध्ये, ह्यावर दोन तट पडले होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

मला रडू आवरेना. कालच तर केळ्याचं विचारत होते. ह्यांनीही ब्रश ठेवला, डोळे पुसले, आणि डोळे पुसता पुसता तो हारवाला फोटो आपल्या चालण्याच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि बहिणीला पाठवला.

"न्यायचं किती वाजता आहे, विचारतो ग्रुपवर," हे म्हणाले.

ते ऐकलं आणि कुठून कोण जाणे, काका कानात बोलल्यासारखं वाटलं. मी ह्यांना विचारलं, "बैल बघितलात का?"

"काय?"

"पहिला मजला. दोन जिने आहेत मध्ये. खाली जाऊन आलात का तुम्ही?"

मी ओल्या केसांवर पदर घेतला आणि निघाले.

काकांच्या दारात चपलांचा एकही जोड नव्हता. हे मला पहिल्यांदा खटकलं. ज्या घरात माणूस गेलाय त्याच्या दारात चपलांचा ढीग असतो, आपली चप्पल शोधायला लागते. इथे जिन्यापर्यंत फरशी लख्ख पुसलेली. काकांची स्वतःची चपलांची फळीसुद्धा उचलून आत नेलेली होती, जागा व्हावी म्हणून. मग दुधाच्या पिशवीचा हूक बघितला. रिकामा. गेलेला माणूस दुधाची पिशवी आत घेत नाही. मी बेल दाबली.

दार काकांनीच उघडलं. इस्त्रीचा सदरा, आणि आज पायजमासुद्धा इस्त्रीचा. आतून वेलदोड्याचा वास येत होता. दिवाणखान्यात खुर्च्या भिंतीला ओळीने लावलेल्या, टेबलावर बशा, बशांवर पेपर झाकलेला.

"या," काका म्हणाले. "तुम्ही पहिल्या."

मी तिथेच उंबऱ्यावर रडायला लागले. मग हसायला लागले. मग चिडले. काय हा प्रकार, तुम्ही बघितलंत का ग्रुपवर काय चाललंय, माझा जीव केवढा खालीवर झाला, असं बरंच बोलले. काका शांतपणे म्हणाले, बघितलं. सकाळी सहापासून बघतोय. मग त्यांनी चष्मा चढवला, तो फोटो उघडला आणि बोटांनी ताणून मोठा केला. अगदी खाली, समईच्या पायाशी, बारीक नक्षीदार अक्षरं होती : 'अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपलीच सोसायटी.'

केदारचा प्रताप! सगळ्यांच्या वाढदिवसाची कार्डं तो एआयकडून बनवून घेतो आणि ती पहाटे आपोआप पडतात. हे कार्ड त्याने स्वतः पाहिलंही नव्हतं. आमच्यापैकीही समईच्या खाली कुणी वाचलं नव्हतं.

"अहो काका, मग एक ओळ टाकायची नाही का? 'मी आहे' म्हणून?"

काका खुर्चीवर बसले. बशांवरचा पेपर उगाच सारखा केला.

"टाकणार होतो. लिहिलंसुद्धा होतं. मग म्हटलं, वाढदिवसाला येतील न येतील. पण माणूस गेला म्हटल्यावर आपल्याकडे येतात हो. पायताण काढून, दोन मिनिटं का होईना, टेकतात. म्हटलं, थांबू या. शिरा तर केलेलाच आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "दोन तास झाले, मंजिरीताई. लिफ्ट चार वेळा ह्या मजल्यावरून गेली. थांबली नाही."

तिकडे फोन त्यांच्या मांडीवर थरथरत होता, अजून श्रद्धांजल्या येतच होत्या, आणि ज्याच्यासाठी येत होत्या तो माणूस त्या एकेक करून वाचत बसला होता.

मी दाराकडे वळले. काकांनी विचारलं, ग्रुपवर लिहिताय का? मी म्हटलं, ग्रुपला लावा काडी. आणि मी बेली वाजवायला सुरुवात केली. बी विंगपासून. हसतमुखवाल्यांच्या दारात जाऊन म्हटलं, चला, सोवनीकाकांकडे, अंगात सदरा घाला. अँब्युलन्सवाल्या बाईंना उठवलं. डॉक्टरांना म्हटलं, तुमचा भाग्यवान माणूस शिरा करून वाट बघतोय, या तपासायला. सासूबाईंनासुद्धा, गुडघे धरत का होईना, उतरवलं. लोक आधी घाबरले, मग ओशाळले, मग एकमेकांच्या मागे लपत खाली यायला लागले. ज्याच्या शोकसभेला आपण खुर्च्या सांगत होतो त्याच्याच हातून बशी घ्यायची म्हणजे काही सोपं नसतं.

केदार आला तो लालबुंद होऊन. "काका, सॉरी. मी त्याला 'आदरणीय' आणि 'पारंपरिक पद्धतीने' एवढंच लिहिलं होतं."

"यंत्राचं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "आदरणीय माणूस आपल्याकडे भिंतीवरच असतो. घे, शिरा घे."

मग कुणीतरी हसलं आणि खोली एकदम मोकळी झाली. मगर निघाली, गरम पाणी निघालं, चौथ्या गोठ्यातला बैल निघाला. गंमत म्हणजे पाहणीच्या ज्या गोष्टींना लोक इतके दिवस नाकं मुरडत होते, त्याच आता 'काका, ती सांगा ना' म्हणून मागून घेत होते. शिऱ्यात केळं आधीच घातलेलं होतं, तळाला लागलं होतं, पण कुणी बोललं नाही.

सगळ्यांत शेवटी आमचे हे आले. दारातच घुटमळत होते. पहिली ॐ शांती कुणाची हे काय लपणार होतं? आत येऊन त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, "काका, ते आलं म्हणून…"

"पाठवलंत," काका म्हणाले. "असू दे. पण तुम्ही स्वतः आलात. बसा."

हे बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत.

संध्याकाळी काकांचा मेसेज आला. 'स्थळपाहणी. विषय : माधव सोवनी यांचे निधन. प्रत्यक्ष पाहिले. बैल गोठ्यात आहे. शिरा संपला.' सोबत फोटो. नेहमीप्रमाणे निम्म्या फोटोत अंगठा. आणि उरलेल्या निम्म्यात त्यांचं दार आणि दाराबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलेल्या, एकमेकींवर चढलेल्या आम्हा सगळ्यांच्या चपला. आम्ही आत बसलो असताना हा माणूस केव्हातरी हळूच उठून बाहेर गेला होता आणि त्या बघून आला होता.

ह्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला. आपली चप्पल शोधली, माझी शोधली. आलेलं सगळं पुढे पाठवणाऱ्या आमच्या ह्यांनी तो फोटो आजतागायत कुणालाही पाठवलेला नाही.